ईव्हीचा अपडेट आला म्हणजे गाडीत नेमकं काय बदलतं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या बेसमेंटला रात्री उशिरा गेलात तर दोन-तीन तरी ईव्ही चार्जिंगला लागलेल्या दिसतात, आणि मालक तिथे भेटले की पूर्वी "ॲव्हरेज किती देते" हा विषय निघायचा तसा आता "अपडेट आला का तुमच्याकडे?" हा निघतो. एकाला आलेला असतो, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याची रेंज म्हणे अपडेटनंतर कमी झाली, चौथ्याचं ॲप गाडीला पकडतच नाहीये. या गप्पा ऐकताना मला दरवेळी वाटतं की यातला निम्मा गोंधळ फक्त एवढ्यामुळे आहे की गाडीत काय बदललं हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. मेसेज येतो "परफॉर्मन्समध्ये सुधारणा आणि काही बग दुरुस्त केले", बस्स. पंधरा-वीस लाख रुपये घालून घेतलेली वस्तू, त्यात घरातली माणसं बसतात, तिच्यात बदल केला तर काय केला हे कळायला नको का? म्हणून हे सगळं कसं चालतं ते एकदा सरळ लिहून काढतो.

पहिली गोष्ट, गाडीत एक कॉम्प्युटर नसतो. मधला मोठा स्क्रीन ज्यावर मॅप आणि गाणी चालतात तो एक, बॅटरीवर नजर ठेवणारा बीएमएस वेगळा, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, चार्जिंग करताना बाहेरच्या चार्जरशी बोलणारा वेगळा, दरवाजे-काचा-दिव्यांचा अजून वेगळा. याला ईसीयू म्हणतात आणि आजच्या गाडीत ते डझनांनी असतात. त्यामुळे "अपडेट आला" म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा की कशाचा आला? स्क्रीनचा असेल तर नवीन मेनू दिसेल, ब्लूटूथ नीट चालेल, मॅप बदलेल, पण गाडी चालायला तशीच राहील. बीएमएसचा किंवा मोटर कंट्रोलरचा असेल तर मात्र गाडीचा स्वभाव बदलू शकतो, म्हणजे चार्जिंगचा वेग, पिकअप, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी किती ओढली जाते ते, टक्केवारी दाखवायची पद्धत, हे सगळं. दोन्ही प्रकारांना आपण सरसकट अपडेटच म्हणतो आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो.

आता हा अपडेट येतो कसा. गाडीत एक छोटा डबा असतो, टीसीयू म्हणतात त्याला, त्यात सिम असतं, बहुतेक वेळा बोर्डवरच बसवलेलं ई-सिम, आपल्याला काढता-घालता येत नाही. त्याचा करार गाडी कंपनी आणि मोबाइल कंपनी यांच्यात असतो, आपला थेट संबंध नाही (या मशीनवाल्या सिमचे नंबर आपल्याकडे 13 आकडी असतात, आपल्या फोनसारखे 10 आकडी नाहीत). कंपनीच्या सर्व्हरवरून फाइल या सिमच्या किंवा घरच्या वायफायच्या मार्गाने गाडीत उतरते. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते, ती गाडी तपासते, सही जुळली नाही तर फाइल घेतच नाही. मग मधे गेटवे नावाचा एक भाग असतो, त्याचं काम सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं, बाहेरून आलेला माणूस कोणाकडे चाललाय हे विचारल्याशिवाय आणि वर इंटरकॉम केल्याशिवाय आत सोडायचं नाही. स्क्रीनवाला भाग इंटरनेटला जोडलेला असतो, ब्रेकवाला नसतो, आणि दोघांच्या मधे हा गेटवे उभा असतो.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे 2015 साली काय झालं ते. अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी घरात बसून, मोबाइल नेटवर्कवरून, हायवेवर चाललेल्या जीप चेरोकीचा एसी, रेडिओ, वायपर चालू केले आणि मग गाडीची ताकदच काढून घेतली, ॲक्सिलरेटर दाबून गाडी पळेना. ते आत शिरले होते स्क्रीनच्या सिस्टीममधून. त्यानंतर कंपनीला 14 लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, आणि त्या गाड्यांना हवेतून, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून, अपडेट देता येत नव्हता म्हणून मालकांना पेनड्राइव्ह पोस्टाने पाठवले. म्हणजे इंटरनेट असल्यामुळे धोका आला आणि दूरून अपडेटची सोय नसल्यामुळे तो पटकन मिटवता आला नाही, दोन्ही एकाच प्रकरणात. त्यामुळे कोणी "मी सिक्युरिटीचे अपडेट घेतच नाही, गाडी आहे तशी बरी आहे" म्हणतो तेव्हा मी त्याला हे प्रकरण सांगतो. सुरक्षेचा अपडेट टाळू नका, अगदी कळकळीने सांगतोय.

इन्स्टॉलला एवढा वेळ का लागतो हा पण नेहमीचा प्रश्न. डाउनलोड गाडी चालू असतानाही मागे होत राहतं, ते आपल्याला कळतही नाही, वेळ जातो तो पुढच्या टप्प्यात. गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात ती वायरिंग बहुतेक ठिकाणी अजूनही कॅन बस नावाची असते, बॉशने 1986 साली आणलेली, आणि तिचा मूळ वेग जास्तीत जास्त सेकंदाला 1 मेगाबिट. ब्रेकचा सिग्नल पोहोचवायला तो भरपूर आहे पण मोठी फाइल त्यातून ढकलायची म्हणजे वेळ जाणारच, नव्या गाड्यांत म्हणून इथरनेट नावाची जास्त वेगाची वायरिंग येतेय. बऱ्याच ईसीयूमध्ये मेमरीचे दोन कप्पे असतात, एकात जुनं सॉफ्टवेअर चालू असतं, दुसऱ्यात नवीन लिहिलं जातं, आणि सगळं नीट झाल्यावरच गाडी नव्यावर जाते, मधे काही बिघडलं तर जुन्यावर परत. ज्यांच्यात अशी सोय नसते तिथे अपडेट अर्धवट राहिला तर तो भाग बंद पडू शकतो आणि मग टोइंग करून वर्कशॉप. म्हणूनच गाडी आधी अटी घालते, पार्कमध्ये टाका, चार्ज पुरेसा ठेवा, अमुक मिनिटं गाडी वापरता येणार नाही.

आणि इथे एक गोष्ट जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात ती म्हणजे छोटी 12 व्होल्टची बॅटरी. खाली एवढी मोठी बॅटरी असताना ही कशाला असं वाटतं, पण गाडीतले सगळे कॉम्प्युटर, लॉक, आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) हे सगळं या छोट्या बॅटरीवर चालतं. काही गाड्यांत अपडेटच्या वेळी मोठी बॅटरी बाजूला केलेली असते आणि अख्खा भार या छोटीवर येतो. ती जुनी किंवा मलूल झाली असेल तर अपडेट अर्ध्यात अडकतो. ईव्ही बरेच दिवस उभी होती, 12 व्होल्ट उतरलेली, आणि आल्या आल्या अपडेटचं बटण दाबलं, असं नका करू. आधी थोडी फिरवून आणा, मग लावा.

बेसमेंटचं वेगळंच. ठाण्यातल्या टॉवर्सना दोन-दोन, तीन-तीन लेव्हलचं पार्किंग, खालच्या लेव्हलला फोनलाच रेंज नाही तर गाडीच्या सिमला कुठून येणार. गाडी रात्रभर तिथे, सकाळी थेट ऑफिसला, तिथेही बेसमेंट, मग डाउनलोड पूर्ण होणार कधी? शेजारच्या काकांना कित्येक दिवस अपडेट मिळत नव्हता, त्यांना वाटत होतं गाडीत बिघाड आहे, शेवटी एका रविवारी उपवन तलावाजवळ गाडी लावून ते फिरायला गेले आणि परत येईपर्यंत स्क्रीनवर मेसेज आलेला. तरीही नाही मिळाला तर घाबरू नका, कंपन्या अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, आधी थोड्या गाड्या, त्यात काही गडबड दिसली तर तिथेच थांबवायचं, नाही दिसली तर पुढच्या गाड्या. तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे एकच मॉडेल असलं तरी बॅच वेगळी असू शकते, आतला एखादा पार्ट वेगळ्या सप्लायरचा असू शकतो, त्यामुळे व्हर्जन नंबरही वेगळे असतात.

आता मुख्य दुखणं, रेंज. "अपडेटनंतर रेंज कमी झाली" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीये आणि यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात.

एक तर स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा हा अंदाज असतो, तुम्ही गेल्या काही दिवसांत कशी गाडी चालवली त्यावरून काढलेला. कापूरबावडी ते गायमुख रोज ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकणाऱ्याला वेगळा दिसेल आणि अटल सेतूवर 100 च्या स्पीडने रोज उलव्याकडे जाणाऱ्याला वेगळा, कारण ईव्हीला हळू चालण्याचा त्रास नाही, वेगात हवा कापण्याचा आहे. अपडेटमध्ये हा जमवलेला इतिहास कधीकधी पुसला जातो आणि गाडी पुन्हा शून्यापासून शिकायला लागते, तेवढे दिवस आकडा विचित्र दिसतो.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या टक्क्यांची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत, नेक्सॉन, टियागो, विंडसर, महिंद्राच्या बीई 6 मध्ये, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. हे सेल टिकाऊ आणि उष्णता सहन करणारे, पण त्यांचा एक स्वभाव असा की मधल्या मोठ्या पट्ट्यात त्यांचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, 30 टक्के असो की 70, प्रत्येक सेल साधारण 3.2-3.3 व्होल्टच्या आसपास. मग बीएमएसला व्होल्टेज बघून किती उरलंय हे कळत नाही, तो आत किती करंट आला आणि बाहेर किती गेला याची बेरीज-वजाबाकी करत बसतो, आणि त्या हिशोबात रोज थोडी थोडी चूक साठत जाते. 100 टक्के पूर्ण भरली की व्होल्टेज वर चढतं, तिथे त्याला पक्की खूण सापडते आणि तो हिशोब सुधारतो. म्हणून एलएफपीवाल्यांना कंपन्या अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगतात. बीएमएसचा अपडेट आला की हिशोबाची पद्धतच बदलू शकते, काल जे 40 टक्के दिसत होतं ते आज 36 दिसेल, म्हणजे बॅटरी कोणी चोरली असं नाही, आधीचा आकडा चुकीचा होता असंही असेल.

तिसरी गोष्ट मात्र खरी तक्रार करण्यासारखी. अपडेटने बॅटरीचा वापरता येणारा भाग खरोखर कमी करता येतो. मे 2019 मध्ये टेस्लाने एका अपडेटने काही जुन्या मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचं कमाल व्होल्टेज खाली आणलं, मालकांची रेंज खरंच घटली, कोर्टात गेले लोक, आणि 2021 मध्ये कंपनीने 15 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे शंका घेणं चूक नाही, पण शंका तपासता आली पाहिजे.

तपासायची सोपी पद्धत आहे आणि ती ॲपवर अवलंबून नाही. तुमच्या सोसायटीच्या चार्जिंग पॉइंटला मीटर असेलच. 20 टक्क्यांवरून 80 पर्यंत चार्ज करा आणि किती युनिट गेले ते लिहून ठेवा. समजा बॅटरी 40 युनिटची आहे, तर 60 टक्के म्हणजे 24 युनिट, त्यात चार्जिंग करताना वाया जाणारी वीज धरून मीटरवर साधारण 26-28 दिसतील. एलएफपी असेल तर त्याआधी एकदा फुल करून घ्या, म्हणजे टक्क्यांचा हिशोब ताजा असेल. हे अपडेटच्या आधी एकदा, अपडेटनंतर पंधराएक दिवसांनी एकदा. दोन्हीत थोडाफार फरक चालतो, पण मोठा फरक पडला तर वर्कशॉपला जाताना तुमच्या हातात आकडा असेल. तुर्भ्याच्या एका वर्कशॉपला वाशीची माझी ताई नुसती "रेंज कमी झाली" म्हणून गेली तेव्हा "मॅडम ट्रॅफिक जास्त असेल" एवढंच ऐकून परत आली, नंतर वहीतले मीटरचे आकडे घेऊन गेली तेव्हा त्यांनी लॅपटॉप लावला, सेल बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेत का ते, बघितलं आणि जॉबकार्डवर लिहून दिलं.

चांगल्या बाजूचं पण सांगायला हवं, कारण हे तंत्र खरंच कमाल आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने टेस्ला मॉडेल 3 चा ब्रेक तपासला, ताशी 96 किलोमीटरवरून थांबायला गाडीला 46 मीटर लागले, संस्थेने शिफारस नाकारली. कंपनीने काही दिवसांत हवेतून अपडेट पाठवला आणि पुन्हा तपासणी झाली तेव्हा थांबायचं अंतर जवळपास 6 मीटरने कमी. कुठलाही पार्ट बदलला नाही. पण हेच उलटं वाचा, सॉफ्टवेअर ब्रेक सुधारू शकतं म्हणजे ते बिघडवूही शकतं, आणि ड्रायव्हरला पत्ता नसताना. समजा रीजेनची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी हळू करून वीज बॅटरीत परत भरायची सोय) ताकद अपडेटने बदलली आणि तुम्ही लोणावळ्याहून खंडाळा घाट उतरून खारघरला येताय, पायाला जुनी सवय, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी जितकी हळू व्हायची तितकी होत नाहीये, हे तिथे उतारावर कळणं बरोबर नाही, घरी पार्किंगमध्येच कळलं पाहिजे. म्हणून गाडीच्या चालण्याला हात लावणारा अपडेट घेतला की पहिली चक्कर आपल्याच भागात, सवयीच्या रस्त्यावर मारा. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट अजिबात लावू नका.

ॲपवरून एसी चालू करणं वगैरे जे आहे त्याचा रस्ता लांब असतो. तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, सर्व्हर मोबाइल नेटवर्कमधून गाडीला उठवतो, कारण उभी गाडी छोटी बॅटरी वाचवायला झोपलेली असते, मग गाडी जागी होऊन एसी लावते आणि "झालं" असं उलट त्याच रस्त्याने कळवते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीसाठी ही सोय फार चांगली आहे आणि चार्जरला लावलेली असताना आधीच गार करून घेतली तर बऱ्याच गाड्यांत ती वीज चार्जरवरून जाते, बॅटरी शाबूत राहते. पण सारखं सारखं ॲप उघडून गाडी कुठे आहे बघत राहिलात तर गाडी सारखी जागी होते आणि छोटी बॅटरी खाली येते. आणि नेट नसेल तर फक्त ॲपची कामं थांबतात, गाडी चालते, चार्जही होते. फोनलाच चावी करून फिरणाऱ्यांनी मात्र खरी चावी किंवा कार्ड खिशात ठेवावं.

या सोयी कायमच्या असतात असं धरून चालू नका. सुरुवातीची काही वर्षं फुकट असतात, नंतर वर्षाचे पैसे, हे बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्या. आणि पैसे द्यायची तयारी असली तरी सर्व्हर कंपनीच्या हातात आहे. ब्रिटनमध्ये निसानने जुन्या लीफ गाड्यांचं ॲप 2024 मध्ये बंद केलं कारण त्यांच्यातला मोबाइलचा भाग 2जीवाला होता. त्याच वर्षी अमेरिकेतली फिस्कर ही ईव्ही कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा मालकांना सर्व्हर आणि अपडेटची सोय टिकावी म्हणून स्वतः संघटना करावी लागली. याउलट 2017 मध्ये इर्मा वादळ फ्लोरिडावर येत होतं तेव्हा टेस्लाने काही मालकांच्या बॅटरीचा बंद ठेवलेला भाग तात्पुरता उघडून दिला, लोकांना दूर निघून जाता यावं म्हणून. चांगलं काम, पण त्यातून हेही कळलं की गाडीतली बॅटरी भौतिकदृष्ट्या मोठी होती आणि सॉफ्टवेअरने अडवून ठेवली होती.

माझं कंपन्यांना म्हणणं एवढंच आहे की अपडेटने काय बदललं ते सांगा. आणि हे काही अवाजवी मागणं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत आर 156 नावाचा नियम आहे, 2020 मध्ये मंजूर झालेला, युरोपात जुलै 2024 पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू. त्यात स्पष्ट लिहिलंय की अपडेट लावण्याआधी मालकाला त्याचा उद्देश, गाडीच्या कामात होणारे बदल, लागणारा वेळ आणि तेवढ्या काळात काय चालणार नाही हे सांगायचं, आणि अपडेट फसला तर गाडी जुन्या व्हर्जनवर किंवा सुरक्षित अवस्थेत गेली पाहिजे. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-189 आणि एआयएस-190 ही वाहनांची मानकं आखली गेलीत, पहिलं सायबर सुरक्षेचं, दुसरं सॉफ्टवेअर अपडेटचं. त्यांचा फायदा आपल्या गाडीला मिळेपर्यंत आपण निदान व्हर्जन नंबरचा फोटो अपडेटच्या आधी आणि नंतर काढून ठेवू शकतो, आणि वर्कशॉपमध्ये अपडेट झाला तर कुठल्या ईसीयूचा झाला हे जॉबकार्डवर लिहून मागू शकतो. मागितलं की देतात, कोणी मागत नाही हीच अडचण आहे.

शेवटी एक, सेकंड हँड ईव्ही घेणाऱ्यांसाठी, कारण आता ठाणे-नवी मुंबईत जुन्या ईव्ही बऱ्याच विकायला येतायत. आरसी नावावर झाली म्हणजे ॲप नावावर झालं असं नाही. आधीच्या मालकाचं खातं काढलं नसेल तर त्याला तुमची गाडी आज कुठे उभी आहे हे त्याच्या फोनवर दिसत राहील, काही गाड्यांत दरवाजाही उघडता येईल. पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच त्याला ॲपमधून गाडी काढायला लावा, स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा, सेव्ह केलेले पत्ते आणि फोनबुक पुसा, मग कस्टमर केअरला नवीन आरसी पाठवून तुमचं खातं जोडून घ्या. गाडी विकत असाल तरी हेच, तुमच्या घरचा आणि मुलांच्या शाळेचा पत्ता त्या मॅपमध्ये आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपला डेटा पुसायला सांगण्याचा हक्क दिलाय, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतोय, त्यामुळे कंपनीला तसा ईमेल करून ठेवा आणि त्याची प्रत गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये लावा.